पहिल्या बाजूचा सूर

बाबा,

क्लॅरिनेट तुम्ही ठेवून दिलं ते छातीत दम उरला नव्हता म्हणून, की मी तुम्हाला बेसूर म्हणाले म्हणून? दहा वर्षं हा प्रश्न माझ्याजवळ आहे आणि त्याचं उत्तर मला माहीत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते, "तुह्या बापानं काई म्हटलं नाई. पेटीत ठेवलं अन् पेटी पलंगाखाली सरकवली." दवाखान्याच्या कागदांवर फुप्फुसांबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे, पण त्या कागदांवरून मला माझा वाटा किती ते काढता येत नाही. कधी वाटतं, तुम्ही तसेही त्या वर्षी थांबलाच असतात. कधी वाटतं, असं वाटून घेणं मला सोयीचं आहे.

तुमचं वर्ष दोन भागांत वाटलेलं असायचं. दिवाळी झाली की पांढुर्ण्याच्या जिनिंगमध्ये कापूस, आणि होळी झाली की बँड. जिनिंगच्या दिवसांत तुम्ही घरी यायचात तेव्हा भुवया पांढऱ्या, कानांत पांढरं, मिशीत पांढरं. आई तुम्हाला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. बाहेरच दुपट्ट्यानं झटकायची आणि म्हणायची, "आजपासूनच म्हातारे झाले का बाप्पा?" तुम्ही हसायचात आणि हसता हसता खोकायचात. मग हातपाय धुऊन, आई भाकरी थापत असायची त्याच खोलीत, भिंतीला टेकून तुम्ही क्लॅरिनेट जोडायला घ्यायचात. तोंडाकडची वेताची पत्ती जिभेवर ओली करायचात. पहिले दोन-तीन सूर खोकल्यातच जायचे. आई तव्यावरून मान न वळवता सांगायची, "कापूस निघून राहिला." आम्हाला तो विनोद वाटायचा. खरोखर कापूसच छातीत बसत होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

लग्नाच्या हंगामात तुम्ही मोहगाव, लोधीखेड्यापर्यंत जायचात. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. वरातीत लोक म्हणायचे, पिच्चरमध्ये आहे तसं वाजवा, आणि तुम्हालाच माहीत असायचं की पिच्चरमध्ये एक कडवं कमी आहे आणि रेकॉर्डमध्ये एक जास्त. तुम्ही विचारायचात, "कोणतं पाह्यजे, पडद्यावरचं का रेकॉर्डातलं?" समोरचा नाचून घामाघूम झालेला माणूस तुमच्याकडे बघत राहायचा. घरी येऊन तुम्ही हे सांगायचात आणि एकटेच हसायचात.

गार्डसाहेबांची कॅसेट घरात आली तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. रेल्वेचे ते म्हातारे गार्ड, नागपूरकडचे ख्रिस्ती. त्यांच्या मुलीच्या लग्नात तुमचा बँड होता, आणि सगळे जेवायला बसल्यावर तुम्ही एकटे मंडपाच्या मागे वाजवत होतात, ते त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुम्हाला क्वार्टरवर बोलावलं. तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून घेऊन गेलात. त्यांनी एक मोठी काळी रेकॉर्ड लावली आणि म्हणाले, "ये जॅझ है. नाचने का नहीं, बैठ के सुनने का म्यूज़िक है." तुम्ही खुर्चीवर न बसता जमिनीवर बसलात. त्या रेकॉर्डवर तुमचंच वाद्य होतं, सोबत पियानो, एक उभं मोठं व्हायोलिन, आणि ड्रम इतका हळू की कोणी सुपात धान पाखडतंय असं वाटावं. पहिलं गाणं फार संथ होतं. त्यात शब्द नव्हते. ते संपेपर्यंत तुम्ही पापणी लववली नाही. साहेबांनी ती रेकॉर्ड कॅसेटवर भरून दिली. परतताना रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "लोकं बसून ऐकतीन असं एक डाव वाजवाचं हाय मले." मला वाटलं, लोक बसूनच तर जेवतात लग्नात, मग ऐकतील की.

पुढे तुम्ही त्याच अल्बमची दुसरी कॅसेट आणलीत, कंपनीची, नागपूरहून. मग काही वर्षांनी सीडी. तुमचे बँडमास्टर घरी आले की टाळी देऊन म्हणायचे, "अबे, गाणं एकच अन् घेतलं तीन डाव! बायको तं एकच केली तू." आई आतून म्हणायची, "त्याचं काई नाई भाऊजी, तेवढंच राह्यलं." पण तुम्हाला तिन्हींत फरक दिसायचा, आणि तो तुम्ही मला दाखवलात. साहेबांच्या कॅसेटमध्ये चरचर होती आणि शेवटी सुई उचलल्याचा टक् असा आवाज. कंपनीच्या कॅसेटमध्ये चरचर नव्हती, पण शेवटचा सूर संपायच्या आधीच कोणीतरी आवाज उतरवून टाकला होता. सीडीत सुरुवातीला एक माणूस हलकेच आकडे मोजतो, तो आधीच्या दोन्हींत नाही, आणि शेवटी एक गाणं जास्तीचं. तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून बसवायचात, एक लावायचात आणि विचारायचात, "सांग, कोणतं होय?" मी तीन सेकंदांत ओळखायचे. तुम्ही आईला सांगायचात, "पोरीचा कान पाह्य." बाबा, तुमच्याकडून मला मिळालेली ती पहिली पदवी होती. दुसरी मी कॉलेजातून आणली, आणि घरात ती आणणारी मी पहिली, म्हणून सगळ्यांनी तिचंच कौतुक केलं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला छळायची. टेपसोबत वाजवायला बसलात की पहिल्या बाजूला तुमचा सूर अल्बममधल्या सुराला लागायचा नाही. थोडा खाली राहायचा. फार नाही, ऐकणाऱ्याला दात हलल्यासारखं वाटेल इतकाच. दुसरी बाजू लावली की दोघं एक होऊन जायचात. आधी तुम्हाला वाटलं, टेपरेकॉर्डर जोरात फिरतो. तो बदलून पाहिलात. मग वाटलं, साहेबांनी भरताना काही झालं असेल. म्हणून तर कंपनीची कॅसेट आणलीत. तीही तशीच. सीडी लावली, तीही तशीच. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तीन ठिकाणी तेच. मंग चूक माहीच असंल."

मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा जयंतीच्या कार्यक्रमात तुम्हाला विहारात वाजवायचं होतं. ते पहिलं गाणं, एकट्यानं, मंचावर बसून, लोक समोर सतरंजीवर बसलेले. कमिटीत त्यावरून दोन बैठका झाल्या. एक म्हातारे म्हणाले, "वाजवणं आपल्या बापजाद्यानं सोडलं, अन् तू विहारात घेऊन येतं?" तुम्ही उभे राहून उत्तर दिलंत, तुम्ही कधी उभे राहून बोलत नव्हतात. "कोणाच्या दारात उभं राहून नाई वाजवून राहिलो मामा. आपल्या जागी बसून वाजवीन. पटलं नाई तं उठून जा." शेवटी दहा मिनिटं मिळाली. तुमच्या आधी शिक्षणावर माझं भाषण होतं. पत्रिकेवर आपण दोघं, एकाखाली एक.

मी तुम्हाला आता जे सांगते आहे ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा तिथे मी तिन्ही वर्षं 'मजूर' लिहिलं. मजूर लिहायला मला लाज वाटत नव्हती, त्याबद्दल मी भाषणं करत होते. लाल कोटाची लाज वाटत होती. माझ्या भाषणाला कॉलेजातल्या मॅडम येणार होत्या, मैत्रिणी येणार होत्या, आणि मी उठून माणसानं स्वाभिमानानं कसं जगावं हे सांगणार होते, आणि नंतर तुम्ही पेटी उघडणार होतात. कोट घालणार नाही असं तुम्ही म्हणाला होतात, तरी मला तो दिसतच होता.

मार्चमधली दुपार. जिनिंग नुकतंच बंद झालंय. आई मिरच्या निवडतेय. माझ्याकडे नवा फोन आहे, त्यात सूर मोजायचं ॲप आहे, आणि मी म्हणते, "बाबा, एकदाचं मोजून टाकू." तुम्ही खूश होता. मी सांगते, दाबून नका वाजवू, सहज येईल तसं वाजवा, मी भरून घेते. तुम्ही वाजवता. फोनवरचा काटा बरोबर मध्ये उभा राहतो. मग मी सीडी लावते. काटा उजवीकडे सरकतो, आणि प्रत्येक सुराला तिथेच राहतो.

"काय म्हणून राहिला तुहा मोबाईल?" तुम्ही विचारता.

मोबाईल खरं तेच सांगत होता. तुम्ही मध्ये होतात. अल्बम बाजूला होता. माझ्यासमोर ते उघडं पडलेलं होतं आणि मी ते उलटं वाचलं. मी म्हणाले, "ॲपचं माप वेगळं दिसतंय. आपण अल्बमचं माप धरू." आणि मी अल्बमचा सूर हा खरा सूर असं त्या ॲपला शिकवलं. काटा अल्बमपाशी मध्ये आला. तुम्ही पुन्हा वाजवलंत, आणि तुम्ही डावीकडे पडलात.

"मले वाटत होतं, टेपच चढी हाय."

"कॅसेट चढी असेल बाबा, सीडी कशी चढी असेल? तिन्हींत तेच आहे. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या कंपनीनं काढलंय, ते चुकीचं असेल का?"

"दुसऱ्या बाजूले तं बरोबर येते व."

"दुसरी बाजू सोपी असेल."

हे मी कशाच्या आधारावर बोलले? मला सा की रे कळत नव्हतं. छापून आलेलं खरं असतं, एवढंच मला शाळेपासून शिकवलेलं होतं, आणि त्या शिकवणीवर मी परीक्षा पास होत होते. तुमच्याकडे वीस वर्षांचा कान होता, आणि तुम्ही तो माझ्यापुढे खाली ठेवलात. तुम्ही आणखी दोनदा वाजवलंत. मी म्हणत गेले, "खाली आहे, बाबा. पुन्हा खाली. सरळ बेसूर आहे हे. लोक हसतील." आईनं मिरच्यांवरून मान वर केली होती. तुम्ही क्लॅरिनेट मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "तू शिकलेली हायस. तुले समजते." तुमच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते आणि बरं झालं असतं.

त्यानंतरचे तीन आठवडे आठवायला मला आवडत नाही. वाद्य आखूड झालं की सूर चढतो, म्हणून तोंडाखालचा तो छोटा तुकडा तुम्ही पॉलिश पेपरनं घासत बसायचात. रोज थोडा. काळी भुकटी गुडघ्यावर पडायची. तेवढ्यानं होईना म्हणून पत्ती ओठात घट्ट दाबून, सगळा दम लावून वाजवायला लागलात. मानेच्या शिरा वर यायच्या, डोळ्यांत पाणी यायचं. एका सकाळी खोकला थांबेचना. आईनं येऊन तुमच्या हातातून क्लॅरिनेट ओढलं. "फेफडं फाटन तुमचं! कोणाले दाखवाचं हाय एवढं?" तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. जयंतीला आठ दिवस असताना तुम्ही कमिटीकडे जाऊन सांगून आलात की तब्येत बरी नाही. घरी येऊन मला म्हणालात, "माहे दहा मिनटं तू घे. चांगलं बोल." मला सुटल्यासारखं वाटलं, बाबा. मी त्या दहा मिनिटांत आणखी दोन मुद्दे बसवले. टाळ्या पडल्या. तुम्ही तिसऱ्या ओळीत बसून सगळ्यांच्या नंतरपर्यंत टाळ्या वाजवत होतात.

त्या हंगामात तुम्ही बँडसोबत गेला नाहीत. दिवाळीनंतर जिनिंगमध्ये गेलात ते दीड महिनाच. मग नागपूर, वॉर्डातला तो खिडकीजवळचा पलंग, नाकात नळी. एका दुपारी तुम्ही खुणेनं फोन मागितलात. मला वाटलं, तुम्हाला ते पहिलं गाणं ऐकायचं असणार, जन्मभर तेच ऐकलंत. मी लावलं. तुम्ही हात हलवून थांबवलंत. "हे नको. दुसरी बाजू लाव." मी लावली. तुमची बोटं चादरीवर हलत होती, एकेका सुराला बरोबर. मी खुर्चीवर बसून स्पर्धा परीक्षेचं पुस्तक वाचत होते. होळीच्या आधी तुम्ही गेलात. तुमचं वय किती होतं ते मी कुणाला सांगत नाही, कारण लोक म्हणतात, एवढंच?

आता मी सौसरला शाळेत अतिथी शिक्षक आहे. आई माझ्याजवळ असते. त्या अल्बमला मी हात लावला नव्हता. या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी फोनवर काही शोधताना तो समोर आला, आणि एकदा नाही, दोनदा. नाव तेच, चित्र तेच, खाली साल वेगळं. पहिल्या गाण्याची लांबी दोन्हींत वेगळी होती, एकात काही सेकंद जास्त. तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून शिकवलेलं कुठे जातं? मला वाटलं, यात काही जोडलं असेल, कुठे ते शोधू. मी दोन्ही ऐकले. जोडलेलं काही नव्हतं. दुसरं नुसतं थोडं हळू होतं, आणि थोडं खाली. खाली अल्बमची माहिती दिलेली होती, ती मी तीनदा वाचली. पहिल्या बाजूची गाणी ज्या दिवशी भरली त्या दिवशी स्टुडिओतलं यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या यंत्रावर भरलेलं नेहमीच्या वेगानं वाजवलं की सगळं जलद होतं आणि सूर चढतो. दुसऱ्या दिवशी यंत्र नीट केलं आणि दुसरी बाजू भरली. पहिल्या दिवसाच्या त्या मूळ टेपवरूनच पुढे रेकॉर्ड निघाली, कॅसेट निघाली, सीडी निघाली, सगळ्यांत तीच चूक. पुढे कोणीतरी पियानोच्या सुरावरून ती पकडली आणि वेग दुरुस्त करून अल्बम पुन्हा काढला. हा दुरुस्त अल्बम, बाबा, तुम्ही पॉलिश पेपर घेऊन बसला होतात त्याच्याही आधी निघालेला होता. त्याच फोनवर मिळाला असता. मी शोधला नाही, कारण मला खात्री होती.

त्या मार्चमधल्या दुपारी भरून घेतलेला तुमचा आवाज माझ्याकडे होता. फोन बदलले तरी तो एका फोनमधून दुसऱ्यात येत राहिला. पुसवत नव्हता आणि ऐकवत नव्हता. त्या दिवशी मी एका फोनवर दुरुस्त अल्बम लावला आणि दुसऱ्यावर तुम्हाला. लय कुठे पुढे-मागे झाली. सूर कुठेच नाही. तुम्ही दोघं एकमेकांत असे मिसळत होतात की मला क्षणभर कोणतं कुणाचं ते ओळखता येईना, मला, जी तीन सेकंदांत ओळखायची. आई मेथी निवडत होती. तिनं विचारलं, "कोण वाजवून राहिलं हे?" मी उत्तर देण्याआधीच फोनमधून माझा आवाज आला. खाली आहे, बाबा. पुन्हा खाली. आईचा हात थांबला. "हे तं तूच होय ना," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. यंत्र, वेग, दोन्ही कॅसेटी आणि सीडीतली एकच चूक. ते तिला किती कळलं माहीत नाही, पण शेवटचं कळलं. "म्हणजे त्याचं बरोबर होतं?" मी हो म्हणाले. ती मेथीची जुडी तशीच ठेवून उठली. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "दहा वर्षानं सांगून राहिली. त्याले कोण सांगन?"

मग मी तुमच्या बँडमास्टरांकडे पांढुर्ण्याला गेले. थकलेत आता, ओट्यावर बसलेले असतात. मी त्यांना विचारलं, काका, बाबांचा सूर कसा होता? ते मला वेड्यात काढल्यासारखे हसले. "अवं पोरी, आमच्या बँडात कॅसिओ आणला तवा साऱ्यायले आपापलं वाद्य त्याच्याशी मिळवा लागलं. तुह्या बापाले नाई लागलं. त्याच्याच अंदाजानं तं आम्ही सारे लावत होतो. तो गेला अन् आमचं सारं ढिलं पडलं." मग म्हणाले, "त्या साली तो मले सांगून गेला, माहा कान गेला म्हणून. मी म्हटलं, अबे बह्याड झाला का? कोण म्हणते? तं काई बोलला नाई." मी तिथे बसूनच होते. त्यांनी चहा मागवला, तो मी प्याले. कोण म्हणालं ते मीही सांगितलं नाही.

या वर्षी जयंतीच्या कमिटीकडे मी दहा मिनिटं मागितली. भाषण नाही, तुमचं वाजवणं ऐकवायचं आहे असं सांगितलं. आता कमिटीत माझ्याच वयाचे लोक आहेत, कुणी हरकत घेतली नाही. आई म्हणाली, "तुहा आवाज काढून टाक त्यातून. बापाले असं बोलते हे लोकायनं काहून ऐकाव? तू तिथं मास्तरीण म्हणून उभी राहशीन." मी काढला. फोनवर ते कठीण नसतं. माझं बोलणं कापलं, मधली शांतता जोडली, शेवटचा खोकला कापला. तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटे, स्वच्छ. आईला ऐकवलं, तिनं डोळ्यांना पदर लावला. म्हणजे आता याचीही दोन रूपं झाली होती, एक कापलेलं आणि एक सगळं असलेलं, आणि लोकांना कोणतं द्यायचं ते माझ्या हातात होतं. कापलेलं दिलं असतं तर लोक म्हणाले असते, किती गोड वाजवत होता, छातीच्या रोगानं गेला बिचारा. आणि मी मान हलवली असती.

मी सगळं असलेलं लावलं. विहारात सतरंजीवर शंभरेक माणसं असतील, पंखे चालू होते, ते मी बंद करायला लावले. बँडमास्टर खुर्चीवर पुढे. लोक बसून ऐकत होते, बाबा. पहिली तीन मिनिटं तुमची होती. मग स्पीकरमधून मी आले. त्या खोलीत मी एवढ्या मोठ्यानं बोलले होते हे मला ठाऊक नव्हतं. खाली आहे, बाबा. पुन्हा खाली. सरळ बेसूर आहे हे. लोक हसतील. समोरच्या बायकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आईनं पाहिलं नाही. कोणी हसलं नाही, आणि मग तुम्ही पुन्हा वाजवायला घेतलंत आणि मध्येच खोकलात, आणि संपलं. मी माईक हातात घेऊन एवढंच सांगितलं की त्यांचा सूर बरोबर होता, अल्बम चुकीचा होता, आणि त्यांना बेसूर म्हणणारी मी होते. बँडमास्टर उठून काठी टेकत निघून गेले. आई अजून त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला पत्ता नाही. कापलेलं रूप मी त्याच सकाळी विहारात जायच्या आधी पुसून टाकलं. पुसण्याआधी ते मी दोनदा ऐकलं. ऐकायला तेच जास्त बरं वाटत होतं.